कौल कोणी द्यावयाचा?

कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता पाटण मागे टाकून कोयनेच्या काठाकाठाने हेळवाककडे चढू लागला, की डाव्या-उजव्या हाताचे डोंगर जवळ येतात आणि थोड्याच वेळात कोयनानगरची वसाहत दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे निकाल लागले त्या दिवशी दुपारी मी तेथल्या एका चहाच्या दुकानात बसलो होतो. पाटणहून मतमोजणी आटोपून परतणाऱ्या जीपगाड्या एकामागून एक येत होत्या, गुलालाने माणसांचे चेहरे ओळखू येईनासे झाले होते, आणि एका गाडीतून उतरलेला तरुण, चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच, मोठ्या आवाजात सांगत होता, "सगळ्या गावानं कौल दिलाय आमच्या सरपंचाला. आता पाच वर्षं कुणाचं ऐकायचं न्हाय." कोपऱ्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी उमेदवार किती होते असे विचारले. चार होते. निवडून आलेल्याला किती मते पडली, हेही त्यांनी विचारून घेतले. झालेल्या मतदानाच्या एकतृतीयांशाहून थोडी अधिक पडली होती. गृहस्थ "बरं" एवढेच म्हणाले, आणि दुकानदाराने ओल्या फडक्याने टेबलावरचा गुलाल पुसून घेतला.

त्या तरुणाच्या वाक्यात दोन दावे एकमेकांत बेमालूम मिसळून गेले होते. पहिला दावा असा, की ज्याला सर्वांहून अधिक मते पडली त्याला सगळ्या गावाने निवडले; दुसरा असा, की ज्याला निवडले त्याच्या पुढल्या सर्व कृत्यांना गावाने आगाऊ संमती दिली. पहिल्या दाव्यात गणिताची चूक आहे आणि दुसऱ्यात तर्काची. तथापि चहाच्या दुकानातील एका उत्साही तरुणाला या चुकांबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल, कारण याच दोन चुका मोठमोठ्या राष्ट्रांचे अध्यक्ष, पंतप्रधान आणि मुख्यमंत्री निकालाच्या रात्री व्यासपीठावर उभे राहून तितक्याच निःशंकपणे करीत असतात. त्यांचा शब्द मात्र अधिक भारदस्त असतो. तो तरुण 'कौल' म्हणाला. ते 'जनादेश' म्हणतात. मला असे वाटते, की या दोन शब्दांपैकी तरुणाचा शब्द अधिक प्रामाणिक आहे, आणि त्याचा अर्थ आपण नीट लावला तर निवडणुकीत लोक नेमके काय देतात आणि काय देत नाहीत, याचा उलगडा होण्यास पुष्कळ साहाय्य होईल.

कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरला की आपण कोकणात येतो, आणि कोकणात कौल ही केवळ भाषेतली गोष्ट राहत नाही. घाटाखालच्या एका गावी मी तो लागताना पाहिला आहे. स्नान करून ओलेत्याने आलेल्या गुरवाने पाषाणाच्या मूर्तीला पाणी घातले, भिजवलेले तांदूळ हाताशी घेतले, आणि पुढे बसलेल्या कुळवाड्याला काय विचारावयाचे आहे ते सांगण्यास फर्मावले. त्या बिचाऱ्याने घरातले आजारपण, मुलाची नोकरी, भावाशी चाललेला बांधाचा तंटा आणि मुंबईतली खोली असे सगळे एका दमात सांगितले. गुरवाने हात वर करून त्याला थांबविले. "देवाला येक गोष्ट इचार," तो म्हणाला. शेवटी प्रश्न ठरला तो खोली विकावी की ठेवावी एवढाच. गुरवाने गाऱ्हाणे घातले, मूर्तीच्या दोन्ही अंगांना तांदळाचे दाणे चिकटविले, आणि विकण्यास देवाची आज्ञा असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, असे स्पष्ट मागणे मागून तो स्वस्थ उभा राहिला. बराच वेळ काहीच घडले नाही. मग डावीकडचा एक दाणा पाण्याबरोबर सरकत खाली आला. कुळवाड्याने लगेच दुसरा प्रश्न पुढे केला, आता नको तर दिवाळीनंतर विकू का; पण गुरवाने तांदूळ आवरले होते. परतताना वाटेत तो गृहस्थ मला सांगू लागला, की देवाचे म्हणणे भावाला एक पैसाही देऊ नये असे आहे. देवाने तसे काहीच म्हटले नव्हते. देवाला ते विचारलेच नव्हते.

गुरवाशी मागाहून बोलताना कळले, की त्याच्या स्वतःच्या घरचे काही विचारावयाचे असले तर तो स्वतः कौल लावीत नाही, दुसऱ्याला बसवितो. दैवी कौलावर माझा विश्वास नाही, आणि वाचकाचा असावा असा आग्रहही नाही. पण त्या विधीमागे जो व्यवहारशहाणपणा आहे तो लोकशाहीतील पुष्कळ शहाण्यांना लाजविणारा आहे. कौल विचारलेल्या प्रश्नालाच मिळतो, न विचारलेल्याला मिळत नाही. प्रश्न जितका मोघम, तितके उत्तर निरुपयोगी. आणि ज्याचा त्यात स्वार्थ गुंतलेला आहे त्याने दाणा कोणत्या अंगाने पडला हे सांगू नये. निवडणुकीनंतर जनादेशाची जी भाषा सुरू होते तीत हे तिन्ही नेम एकाच वेळी मोडले जातात: प्रश्न शंभर असतात, उत्तर एकच असते, आणि त्या उत्तराचा अर्थ सांगण्याचे काम ज्याला त्यातून लाभ व्हावयाचा तोच अंगावर घेतो.

या रोगाची सर्वांत ठळक लक्षणे ज्या देशात दिसतात तो देश अर्थातच अमेरिका. तेथील अध्यक्ष लोकांच्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या निर्वाचकांच्या मंडळाकडून निवडला जातो, आणि बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. परिणामी १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच वेळा देशभरात अधिक मते मिळविलेला उमेदवार घरी राहिला आणि कमी मते मिळविलेला अध्यक्ष झाला. २००० साली अल गोर यांना सुमारे साडेपाच लाख मते अधिक पडली होती, पण फ्लॉरिडातील ५३७ मतांनी जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांचे आधिक्य अठ्ठावीस लाखांहून मोठे होते, आणि तरी निर्वाचकांची गणती ट्रम्प यांच्या बाजूने ३०४ विरुद्ध २२७ अशी झाली. याच्या उलट अब्राहम लिंकन १८६० साली चाळीस टक्क्यांहून कमी मतांवर अध्यक्ष झाले, आणि इतिहासाने त्यांना दिलेले स्थान त्या टक्केवारीने अणुमात्र कमी झालेले नाही.

यावर पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात, की निर्वाचक मंडळ हा खोटा कौल आणि मतांची बेरीज हा खरा कौल. मला हाही निष्कर्ष मान्य होत नाही. सातारा-सांगलीच्या जत्रांत निकाली कुस्ती होते. जो चीत झाला तो हरला, मग त्याने अर्धा तास चढाई केलेली असो वा नसो. कुस्ती संपल्यावर हरलेल्याच्या वस्तादाने पट किती वेळा काढले याचा हिशेब मांडून 'गुणांवर आमचाच जय' असे म्हटले, तर फडातले लोक हसतील. कारण गुणांवर कुस्ती ठरली असती तर समोरचा गडीही निराळा लढला असता. अमेरिकेतील उमेदवार ज्या राज्यांचा निकाल ठरलेला असतो तेथे पाऊल टाकीत नाहीत, आणि तेथले कित्येक मतदार आपल्या मताने काही फरक पडत नाही हे ओळखून घरीच राहतात. तेव्हा देशभरच्या मतांची बेरीज ही एका अशा प्रश्नाचे उत्तर आहे, जो कोणी कोणाला विचारलेलाच नव्हता. ती बेरीज जिंकणाऱ्याच्या गर्वाला लगाम घालण्यास उपयोगी आहे. हरणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यास नाही. निवडणुकीची पद्धत बदलावी असे कोणास वाटत असेल तर ती पुढच्या निवडणुकीसाठी बदलावी. झालेल्या कुस्तीचा नियम मागाहून बदलता येत नाही.

अध्यक्षाला जनतेचा आदेश मिळतो ही कल्पना तेथे रुजविली ती अँड्र्यू जॅक्सन यांनी. १८३२ साली ते पुन्हा निवडून आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी संयुक्त संस्थानांच्या बँकेतून सरकारी ठेवी काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा आपली फेरनिवड हाच या निर्णयाला जनतेने दिलेला होकार होय, असे त्यांचे म्हणणे पडले. लोकांनी जॅक्सन यांना बँकेमुळे निवडले, की बँकेची पर्वा न करता, की बँकेविषयीचे त्यांचे मत नापसंत असूनही अन्य कारणांसाठी, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नव्हते. रॉबर्ट डाल या राज्यशास्त्रज्ञाने १९९० साली या साऱ्या जनादेशाला एक मिथक म्हटले ते याच कारणास्तव. आणि मिथकाचे वैशिष्ट्य असे, की ते जितके विशाल तितके अल्पायुषी ठरते. १९६४ साली एकसष्ट टक्के मते मिळविणारे लिंडन जॉन्सन चार वर्षांत पुन्हा उभे न राहण्याची घोषणा करते झाले. १९७२ साली पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकणारे निक्सन १९७४ च्या ऑगस्टात राजीनामा देऊन निघून गेले. आपल्याकडे १९७१ साली ३५२ जागा मिळविणाऱ्या इंदिरा गांधींच्या पक्षाची मते चव्वेचाळीस टक्क्यांच्या आतच होती, आणि सहा वर्षांनी खुद्द रायबरेलीने त्यांना नाकारले. २०२४ साली पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली राहून आणि प्रतिस्पर्ध्याहून दीड टक्का मते अधिक घेऊन ट्रम्प परत आले आणि त्यांनी तो अभूतपूर्व कौल असल्याचे सांगितले. चहाच्या दुकानातील तरुण आणि ते यांच्यात अंतर फक्त गुलालाचे.

जनादेशाच्या या सिद्धांताची कसोटी पाहावयाची तर अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ती आपल्या शेजारी, आणि आपल्याच भावनांच्या ऐन मध्यावर, झालेली आहे. मुक्तीनंतर गोव्यात डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, आणि महाराष्ट्रात विलीन होण्याचा उघड पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. विलीनीकरणाला गोव्याचा कौल मिळाला, असे त्या पक्षाने म्हटले, मुंबईने म्हटले, आणि त्या काळच्या बहुतेक मराठी माणसांना त्यात संशय घेण्याजोगे काही दिसले नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की लोकांनी सरकार निवडले आहे, विलीनीकरण निवडलेले नाही. तो प्रश्न निराळा विचारा. दिल्लीने अखेर तो निराळा विचारण्याचे ठरविले. निःपक्षपातीपणासाठी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे फूल आणि दोन पाने अशी दोनच चिन्हे ठेवण्यात आली: फूल विलीनीकरणाचे, दोन पाने वेगळ्या अस्तित्वाची. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. आणि याहून बोधप्रद गोष्ट पुढेच घडली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले.

मराठी मनाला त्या जानेवारीत दुःख झाले, आणि ते अजून पुरते शमलेले नाही. परंतु त्या दुःखातून निघणारा धडा लोकशाहीच्या कोणत्याही ग्रंथातील धड्याहून मोलाचा आहे. गोव्याच्या कुळांना, बहुजनांना बांदोडकरांचे राज्य हवे होते. त्यांच्यातील सर्वांना मुंबईचे राज्य हवे होते असे नाही. एकाच मतपेटीत दोन्ही गोष्टी मिसळून टाकल्या असत्या, तर १९६३ चा निकाल हातात नाचवून विलीनीकरण झालेही असते, आणि ते लोकेच्छेनेच झाले असे आपण आजन्म सांगत बसलो असतो. गुरवाने कुळवाड्याला थांबवून एकच गोष्ट विचारावयास लावली त्याचे हे राजकीय प्रत्यंतर होय. मात्र सार्वमत म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा, असाही अर्थ यातून कोणी काढू नये. होय किंवा नाही या दोन शब्दांत मावतील असे प्रश्न राज्यकारभारात विरळा. बहुतेक प्रश्न बांधाच्या तंट्यासारखे गुंतागुंतीचे असतात आणि त्यांना दाणा लावता येत नाही.

कौल नीट वाचणारा राज्यकर्ता कसा असतो याचे उदाहरण मात्र आपल्याला कोयनेच्या खोऱ्यातच मिळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि ज्या कराडला कोयना कृष्णेस मिळते त्या कराडचे यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली. स्वतः चव्हाण थोड्या मताधिक्याने निभावले. तरी गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर विधानसभेत बहुमत काँग्रेसचेच राहिले. बेरजेचाच हिशेब धरावयाचा, तर द्वैभाषिकाला जनादेश मिळालेला होता आणि तसा युक्तिवाद करणारेही कमी नव्हते. पण ज्यांच्यावर ते द्वैभाषिक लादले गेले होते त्यांनी काय सांगितले, हे त्या बेरजेत बुडून गेले होते. आणि ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले तेव्हा समितीच्या प्रचंड निदर्शनांनी ते वाटेतच त्यांच्या कानावर घातले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले ते जिंकलेल्यांनी हरलेल्यांची मते वाचली म्हणून. समितीचा लढा नसता तर ती वाचली गेली नसती, हे खरेच. पण बहुमत हाती असताना ती वाचावी लागतात हे मान्य करणे, यालाही काही मनाचा मोठेपणा लागतो, आणि तो आज दुर्मिळ झाला आहे.

आता आपल्या सरपंचाकडे वळू. २०१७ साली महाराष्ट्राने ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करून सरपंचाची निवड थेट गावकऱ्यांच्या मताने करण्याचे ठरविले. २०२० साली दुसऱ्या सरकारने ती तरतूद रद्द करून निवड पुन्हा सदस्यांच्या हाती दिली. २०२२ साली तिसऱ्या सरकारने ती परत आणली. नगराध्यक्षाच्या निवडीचेही असेच हेलकावे चालत आले आहेत. प्रत्येक वेळी लोकशाही दृढ करण्याचे कारण सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी लोकशाही कोणत्या पद्धतीने दृढ होते याविषयीचे मत सत्तेवर कोण आहे त्यानुसार पालटले. थेट निवडीने सरपंच घोडेबाजारातून सुटतो, सदस्यांना सहलीला नेऊन ठेवण्याचे प्रकार थांबतात, हा लाभ लहान नाही. पण त्याबरोबर गावात दोन कौल तयार होतात. सरपंच म्हणतो, मला गावाने निवडले; सदस्य म्हणतात, आम्हालाही त्याच गावाने त्याच दिवशी निवडले. २०१६ साली कराडच्या नगरपालिकेत हेच घडले: नगराध्यक्षपदावर लोकांनी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराला बसविले आणि नगरसेवकांचे बहुमत जनशक्ती आघाडीला दिले. कराडचे मतदार गोंधळले होते असे मला वाटत नाही. दोन प्रश्न विचारले गेले, त्यांनी दोन उत्तरे दिली. गोंधळले ते उत्तरे वाचणारे.

हुआन लिंझ या स्पॅनिश विद्वानाने अध्यक्षीय पद्धतीचे हेच मर्मस्थान दाखविले होते: अध्यक्ष आणि विधिमंडळ दोघेही जनतेकडून थेट अधिकार मिळवितात, आणि दोघांत बेबनाव झाला तर जनतेच्या वतीने बोलण्याचा खरा हक्क कोणाचा, हे ठरविणारी तिसरी कचेरी नसते. आपल्या घटनाकारांनी राष्ट्रपतीची निवड थेट मतदानाने ठेवली नाही ती याच जाणिवेने. कोट्यवधी मतांनी निवडलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने मुकाट्याने चालेल ही अपेक्षा अवास्तव, आणि त्याला खरी सत्ता द्यावी तर पंतप्रधान आणि तो अशा दोन तलवारी एका म्यानात येतात, असा नेहरूंच्या घटना समितीतील म्हणण्याचा आशय होता. म्हणून आमदार-खासदारांची मते, आणि तीही लोकसंख्येच्या प्रमाणात तोलून: महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, आणि ते आजही १९७१ च्या जनगणनेवर बेतलेले. या तराजूत एकदाच खरी चुरस झाली, १९६९ साली, आणि तीत एक मराठी माणूस होता. महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख वराहगिरी व्यंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर उभे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. निर्भेळ बहुमत कोणालाच नव्हते. मग देशमुखांच्या पाठीराख्यांना, मतपत्रिकेवरच, दुसरा प्रश्न विचारलेला होता त्याचे उत्तर मोजले गेले: तुमचा माणूस नसेल तर कोण? त्यांतील बहुतेकांनी रेड्डी म्हटले, आणि तरी गिरी ठरलेल्या कोट्यावर दोन हजारांहून कमी मतमूल्यांनी चढले. सगळ्या देशाने कौल दिला असे म्हणण्याची सोय त्या पद्धतीने ठेवली नाही, हा मी तिचा गुण समजतो.

येथवर आपण मतांच्या मोजणीविषयी बोललो. कोयनानगरला बसलेल्या माणसाला याहून अवघड अशा एका प्रश्नाला सामोरे जावे लागते: जे मोजणीत मावतच नाहीत त्यांचे काय? धरणाच्या मागे शिवाजीसागर उत्तरेस तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्याच्या पाण्याखाली पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यात महाराष्ट्राचे कारखाने आणि दिवे चालले. या व्यवहाराला राज्यातील प्रचंड बहुमताची संमती होती यात संशय नाही, आणि आज विचारले तरी ती मिळेल. विस्थापितांनाही प्रत्येकी एक मत होते. पण मत हे गावात, वाडीत, मतदारसंघात मोजले जाते, आणि त्यांचे गावच राहिले नव्हते. कोणी सांगलीकडे गेले, कोणी सोलापूरकडे, कोणी घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्यात. जेथे गेले तेथे त्यांची मते इतरांच्या मतांत मिसळून दिसेनाशी झाली. पुनर्वसनाचा पहिला राज्य कायदा १९७६ साली झाला तेव्हा धरण बांधून पुरे झाल्याला दशकाहून अधिक काळ लोटला होता. पुढे भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने त्यांना एकत्र आणले, आणि २०१८ साली हे धरणग्रस्त कोयनानगरला येऊन ठिय्या देऊन बसले. मतपेटीने त्यांना विखुरले होते. बसून राहिल्याने ते पुन्हा एका जागी मोजले गेले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जनादेश ही कल्पनाच खोटी ठरविली तर सरकारने करावे काय? प्रत्येक निर्णयाला नवा कौल मागत बसले तर कोयना झाली नसती, कुळकायदा झाला नसता, महाराष्ट्रही झाला नसता; पक्षांनी जाहीरनामे छापावेत तरी कशाला? याचे उत्तर आपल्या कचेऱ्यांतल्या जुन्या दस्तऐवजात सापडते. मुखत्यारपत्र दोन प्रकारचे असते. खास मुखत्यारीत एकच काम नेमून दिलेले असते. कुलमुखत्यारीत धन्याच्या वतीने सर्व व्यवहार करण्याची मुभा असते. निवडणुकीत मतदार प्रतिनिधीला जे देतो ते कुलमुखत्यारपत्राच्या जवळचे आहे, आणि म्हणून सरकारला निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण कुलमुखत्याराने शेत विकले तर ते धन्याने सांगितले म्हणून विकले असे त्याला म्हणता येत नाही. ते आपण आपल्या अकलेने विकले, धन्याच्या हितासाठी विकले, आणि हा पाहा हिशेब, असेच म्हणावे लागते. अधिकार आणि आज्ञा यांतील हा भेद आहे. कोयना बांधण्याचा सरकारला अधिकार होता. विस्थापितांना वाऱ्यावर सोडण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती. जनादेशाचा दावा करणारा अधिकाराला आज्ञेचे रूप देतो, आणि तसे केल्याने समजावून सांगण्याचे, विरोध ऐकण्याचे आणि चुकीचा दोष स्वतःवर घेण्याचे तिन्ही भार एकदम खांद्यावरून उतरवितो. जाहीरनाम्याचेही तसेच: ज्याने त्यात वचन दिले त्याला ते बांधते; ज्यांनी त्याला मत दिले नाही त्यांची तोंडे बंद करण्याचा परवाना ते नव्हे.

आणि आता 'कौल' या शब्दाचा जो अर्थ मी अद्याप सांगितला नाही तो सांगून हा लेख संपवितो. मराठेशाहीच्या दप्तरात कौल हा शब्द पदोपदी येतो, पण तेथे रयत सरकारला कौल देत नाही. सरकार रयतेला देते. दुष्काळाने किंवा स्वारीने गाव उजाड झाले, कुळे परागंदा झाली, की कमाविसदार किंवा मामलेदार कौलनामा लिहून देई: परत या, पडीक जमीन लागवडीस आणा, पहिल्या सालांत धारा हलका राहील, पुढे इस्ताव्याने, म्हणजे सालोसाल थोडाथोडा, चढेल, आणि ठरल्याहून अधिक मागितले जाणार नाही. कौल म्हणजे बलवानाने दुर्बलाला दिलेले लेखी अभय. त्याला मुदत असे, शर्ती असत, आणि बांधला जाई तो देणारा.

त्या दुपारी कोयनानगरच्या दुकानात कौल मिळाल्याचा जयघोष चालला होता, तेव्हा हा जुना अर्थ माझ्या मनात आला नाही. तो आला दिवेलागणीला, गुलालाच्या गाड्या निघून गेल्यावर, वसाहतीतले दिवे लागताना. त्या चौघांपैकी तिघांना ज्यांनी मते दिली ती जवळजवळ दोनतृतीयांश माणसे उद्या सकाळी त्याच ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढून पाण्याचे, रस्त्याचे, दाखल्यांचे काम घेऊन येणार होती. गावाने आपले काम मतपेटीत केले होते. आता त्या माणसांना कौलनामा लिहून देण्याची पाळी नव्या सरपंचाची होती.